खरा आकडा सांगितल्यावर: बेसबॉलच्या एका टीव्ही समालोचकाचं प्रकरण

2023 च्या जुलैअखेर अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या एका संघाचा मुख्य टीव्ही समालोचक पडद्यावरून दिसेनासा झाला. पंधरवड्यानंतर बातमी फुटली की संघानेच त्याला बाजूला बसवलं आहे. बातम्यांनुसार कारण असं की एका सामन्याच्या सुरुवातीला त्याने संघाची जुनी, वाईट कामगिरी प्रेक्षकांना सांगितली. आकडा खरा होता. तो संघानेच छापून दिलेल्या कागदांत होता. आणि बोलण्याचा सगळा रोख संघाच्या कौतुकाचा होता.

प्रकरण सार्वजनिक आहे, पण इथे समालोचकाचं किंवा संघाचं नाव घेतलेलं नाही. नाव आलं की चर्चा मालकाच्या स्वभावावर घसरते. मला पाहायचं आहे ते कुठल्या टप्प्यावर कोणापुढे काय वाट होती आणि कोणी कुठली धरली. बेसबॉलच्या टीव्ही समालोचकाची कारकीर्द कशावर उभी असते, हे या एका प्रकरणात फार स्वच्छ दिसतं.

पार्श्वभूमी

मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत आणि प्रत्येक संघ मोसमात 162 सामने खेळतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज एक. यातले देशभर दिसणारे सामने थोडेच. बाकीचे त्या त्या भागातल्या वाहिनीवर, त्या त्या संघाच्या ठरलेल्या समालोचकांच्या आवाजात ऐकू येतात. खेळाडू दुसऱ्या संघात जातात, निवृत्त होतात. आवाज मात्र घरात राहतो. विन स्कली यांनी 1950 पासून 2016 पर्यंत, म्हणजे 67 मोसम, डॉजर्सचं समालोचन केलं. संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा तेही सोबत गेले.

टीव्हीच्या बूथमध्ये, म्हणजे मैदानातल्या समालोचन कक्षात, साधारणपणे दोन खुर्च्या असतात. पहिलीवर चेंडूगणिक वर्णन करणारा मुख्य समालोचक बसतो. स्कोअर, बॅटर कोण, किती आउट, धावपटू कुठे, हे सगळं तो सांभाळतो. दुसरीवर विश्लेषक असतो आणि तो बहुतेक वेळा माजी खेळाडू, त्यातही त्याच संघाचा माजी खेळाडू असतो.

दोन्ही खुर्च्यांकडे जाणारे रस्ते अगदी वेगळे आहेत. मुख्य समालोचक सहसा कॉलेजच्या रेडिओवर सुरुवात करतो. न्यूयॉर्क राज्यातलं सिराक्यूज विद्यापीठ यासाठी प्रसिद्ध आहे. बॉब कोस्टास तिथलेच. पुढे मायनर लीग, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे संघ. तिथे बसचे लांबलचक प्रवास, रोज तीन तास रेडिओवर एकट्याने बोलणं आणि जोडीला संघाच्या ऑफिसातली पडतील ती कामं. 2021 मध्ये मायनर लीगची फेररचना झाली आणि मेजर लीगशी जोडलेले संघ सुमारे 160 वरून 120 वर आले. म्हणजे शिकायच्या जागाही घटल्या. वर मुख्य टीव्ही खुर्च्या जेमतेम तीस, आणि त्यावर बसलेली माणसं दशकानुदशकं उठत नाहीत. ज्याला अशी खुर्ची मिळते त्याने तिच्यासाठी तारुण्य घातलेलं असतं. ती गेली तर तशी दुसरी मिळेल याची खात्री नसते. पुढे जे घडलं त्यात ही असुरक्षितता सतत पाठीमागे उभी होती.

विश्लेषकाची गोष्ट निराळी. तो खेळून आलेला असतो, लोक त्याला आधीच ओळखतात. मात्र उत्तम खेळाडू उत्तम विश्लेषक होतोच असं नाही. बॉब युकर यांची कारकिर्दीतली बॅटिंग सरासरी होती .200, म्हणजे अगदीच बेताची. तरी 1971 पासून 2024 पर्यंत मिलवॉकीच्या ब्रुअर्सचा रेडिओवरचा आवाज तेच होते. विश्लेषण म्हणजे काय, याचा सर्वांत चांगला नमुना मला टिम मकार्व्हर यांच्यात दिसतो. ते जुने कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारे खेळाडू. 2001 च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा सामना, फिनिक्स, शेवटची इनिंग, 2-2 बरोबरी, बेसेस भरलेल्या, म्हणजे तिन्ही बेसवर धावपटू, एक आउट. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, न्यूयॉर्क यँकीजचा मारियानो रिव्हेरा, समोर फिनिक्सच्या संघाचा डावखुरा बॅटर लुईस गोन्झालेझ. होम प्लेटवर, म्हणजे बॅटरच्या जागी, पूर्ण होणारी धाव अडवण्यासाठी यँकीजने इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचे क्षेत्ररक्षक, पुढे ओढले होते. मकार्व्हर यांनी सांगितलं की रिव्हेराचा चेंडू डावखुऱ्याच्या अंगावर येतो, बॅट मोडते आणि चेंडू इनफिल्डच्या थोडा मागे पडतो. क्षेत्ररक्षक पुढे आणले की धोका नेमका हाच. पुढच्याच चेंडूवर गोन्झालेझची बॅट मोडली आणि चेंडू शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला इनफिल्डर, डेरेक जीटर याच्या डोक्यावरून अलगद पलीकडे पडला. वर्ल्ड सीरिज तिथेच संपली.

याच मकार्व्हर यांना न्यूयॉर्क मेट्सच्या स्थानिक प्रक्षेपणातली खुर्ची 1998 च्या मोसमानंतर सोडावी लागली होती. ते संघाबद्दल फार परखड बोलतात, अशी तेव्हा चर्चा होती. म्हणजे प्रेक्षक ज्या गुणावर जीव लावतात, तोच गुण नोकरी देणाऱ्याला खुपू शकतो.

आता नोकरी देणारा कोण? काही समालोचक थेट संघाचे नोकर असतात, काही वाहिनीचे. पण वाहिनीचा नोकर असला तरी नेमणुकीत संघाचा शब्द बहुतेक ठिकाणी चालतो. आपल्या प्रकरणात प्रश्न आणखी थेट होता. सामने दाखवणारी प्रादेशिक वाहिनी मुख्यतः संघाच्याच मालकीची होती. समालोचक ज्याच्याबद्दल बोलणार, पगार देणाराही तोच.

संघाची अवस्थाही लक्षात घ्यायला हवी. 2018 मध्ये हा संघ 162 पैकी 115 सामने हरला. 2019 मध्ये 108, 2021 मध्ये 110. अशा मोसमात रोज संध्याकाळी प्रेक्षकाला तीन तास धरून ठेवणं हे समालोचकाचं खरं काम. आपला समालोचक याच पडत्या काळात संघात आला, आधी मुख्यतः रेडिओवर आणि मग टीव्हीवर. 2022 मध्ये संघ सावरला. 2023 मध्ये तो गटात सगळ्यांच्या पुढे निघाला होता.

नेमकं काय घडलं

23 जुलै 2023, रविवार. फ्लोरिडातलं झाकलेल्या छताचं मैदान. गटात पहिल्या जागेसाठी ज्याच्याशी झुंज चालली होती त्याच संघाशी चार सामन्यांच्या मालिकेतला शेवटचा सामना. पडद्यावर बूथमधले दोघं आणि खाली एक ग्राफिक: या मैदानावर आधीच्या तीन मोसमांत संघाची कामगिरी काय आणि यंदा काय. समालोचक म्हणाला ते थोडक्यात असं की गेल्या तीन वर्षांत मिळून इथे तीनच विजय मिळाले होते. या वर्षी पाचच सामन्यांत तीन मिळाले आहेत. कित्येक वर्षं या मैदानाने संघाला छळलं, आता चित्र पालटतंय, असा त्याचा सूर. शेजारचा माजी खेळाडू मान डोलावत होता. नंतर सामनाही संघाने जिंकला.

हे वाक्य कसं तयार होतं हे माहीत नसेल तर प्रकरणाचा अर्धा अर्थ हातून निसटतो. प्रत्येक संघाचा माध्यम विभाग रोज सामन्याआधी काही पानांच्या गेम नोट्स काढतो. कोण किती सामने सलग जिंकला, कोणाची कुठल्या मैदानावर काय कामगिरी, कुठला विक्रम जवळ आला आहे, सगळं त्यात बारीक टायपात असतं. ती पानं बूथमध्ये येतात. समालोचक त्यांवर पेनाने खुणा करतो. निर्माता सामन्याची सुरुवात कशी करायची ते ठरवतो, ग्राफिकवाला आकडे टाकतो, बाहेर उभ्या प्रक्षेपण व्हॅनमधून दिग्दर्शक ती पाटी पडद्यावर आणतो आणि मग समालोचक तीवर बोलतो. त्या दिवशीची ती तुलना संघाच्याच नोट्समध्ये होती. म्हणजे ते एक वाक्य प्रेक्षकापर्यंत पोचायच्या आधी चार-पाच जणांच्या हातांतून गेलं होतं, आणि पहिला हात संघाच्या ऑफिसातला होता.

त्यानंतरच्या दिवसांत समालोचक टीव्हीवरून गायब झाला. प्रेक्षकांना कारण सांगितलं गेलं नाही.

प्रश्न कुठे होता

वरवर पाहिलं तर प्रश्न एका आकड्याचा. खरं म्हणजे दोन समजुतींची टक्कर होती. एक समजूत अशी की स्थानिक प्रक्षेपण ही संघाची जाहिरात आहे. तिकिटं विकायची, टोप्या विकायच्या, लोकांचं मन संघाशी जोडायचं. दुसरी अशी की ते सामन्याचं वृत्त आहे आणि प्रेक्षक त्यावर विश्वास ठेवतो म्हणूनच त्याची जाहिरात म्हणूनही किंमत आहे. बहुतेक संघ या दोन समजुती एकत्र नांदवतात, कारण कोणी त्यांना समोरासमोर आणत नाही. इथे त्या समोरासमोर आल्या.

आणखी एक गोष्ट मला इथे जाणवते. हेच वाक्य शेजारच्या माजी खेळाडूच्या तोंडून आलं असतं तर? मला वाटतं, चाललं असतं. विश्लेषक त्या संघाची जर्सी घालून घाम गाळलेला असतो. त्याने "आपण इथे मार खाल्लाय" म्हटलं की ते घरच्या माणसाचं बोलणं ठरतं. मुख्य समालोचक मेजर लीगमध्ये एक चेंडूही खेळलेला नसतो. तोच आकडा त्याच्या तोंडून आला की टीका वाटू शकते. मजा अशी की आकडे सांगणं हे ठरलेलं काम पहिल्या खुर्चीचंच आहे. बोचरं सत्य सांगायची जबाबदारी एकाची आणि ते सांगायची मुभा दुसऱ्याची, अशी ही कामाची वाटणी आहे, आणि तिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही.

जुनी उदाहरणं

असं काही पहिल्यांदाच घडत नव्हतं. 22 सप्टेंबर 1966 या दिवशी यँकी स्टेडियमवर यँकीजचा सामना होता. संघ तळाला, हवा पावसाळी, आणि साठ हजारांहून अधिक लोक मावतील अशा मैदानात प्रेक्षक होते 413. टीव्हीवर रेड बार्बर समालोचन करत होते. मेजर लीगचा टीव्हीवर दाखवलेला पहिला सामना 1939 मध्ये ज्यांच्या आवाजात झाला, ते हे बार्बर. त्यांनी कॅमेरा रिकाम्या बाकांवर फिरवायला सांगितलं. कॅमेरा फिरला नाही. मग त्यांनी शब्दांतच सांगितलं की आजची बातमी सामना नाही, ही गर्दी आहे. थोड्याच दिवसांत त्यांना कळवण्यात आलं की करार पुढे चालणार नाही. दोन वर्षं आधी, 1964 च्या मोसमानंतर, याच संघाने आपला दुसरा मोठा आवाज, मेल ॲलन, यांनाही निरोप दिला होता. 1978 मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या संस्थेने, समालोचकांसाठी फोर्ड फ्रिक पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो मिळालेले दोघं म्हणजे ॲलन आणि बार्बर.

आपल्या प्रकरणातल्या संघाच्या इतिहासातही असं एक पान आहे. 1996 च्या मोसमानंतर संघाने आपल्या अतिशय लोकप्रिय रेडिओ समालोचकाला जाऊ दिलं. तो संघाची बाजू पुरेशी घेत नाही, ही तेव्हाच्या मालकांची तक्रार होती. तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथे रमला, आणि 2010 मध्ये त्यालाही फ्रिक पुरस्कार मिळाला. 2023 मध्ये बातमी फुटली तेव्हा जुन्या चाहत्यांना आधी आठवलं ते हेच.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. भारतातल्या घरच्या क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाची निर्मिती बीसीसीआयने स्वतःकडे घेतली, तेव्हापासून समालोचकांची यादीही बोर्डाच्या हातात आली. 2016 च्या आयपीएलआधी हर्षा भोगले यादीतून बाहेर गेले आणि आपल्याला कारण सांगितलेलं नाही असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. 2020 मध्ये संजय मांजरेकर यांना बोर्डाच्या पॅनेलमधून वगळलं गेलं. दोघंही नंतर समालोचनात परतले. खेळ वेगळा, देश वेगळा, पण खेळाच्या मालकाने समालोचकालाही नोकरीवर ठेवलं की अडचण तीच उभी राहते.

संघापुढच्या वाटा

23 जुलैच्या संध्याकाळी संघातल्या कोणाला ते बोलणं खटकलं असेल, असं धरून चालू. त्याच्यापुढे काय काय होतं?

काहीच न करणं ही पहिली वाट. सामना जिंकलेला, मालिका जिंकलेली, संघ गटात वर. दोन दिवसांत ते ग्राफिक कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. बाहेरच्या कोणाही माणसाने हीच वाट सुचवली असती.

दुसरी वाट, निर्मात्याशी बोलणं. "यापुढे जुन्या पराभवांच्या पाट्या कमी करा" एवढं सांगता आलं असतं. मला स्वतःला हे पटत नाही. प्रेक्षकाला चढण दाखवायची तर खोल दरी आधी दाखवावीच लागते. तरी मालक म्हणून ते सांगण्याचा संघाला अधिकार होता, आणि ते खाजगीत मिटलं असतं. तिसरी वाट, नोट्स काढणाऱ्या आपल्याच विभागाशी बोलणं. जो आकडा पडद्यावर नको, तो आधी छापायचाच कशाला? ही वाट सरळ होती, कारण मूळ तिथेच होतं.

चौथी वाट, समालोचकालाच बाजूला करणं. यात एक धोका होता आणि तो आधीच दिसायला हवा होता. रोज दिसणारा माणूस अचानक दिसेनासा झाला की लोक विचारणारच. बेसबॉलचा मोसम सहा महिने रोज चालतो. अनुपस्थिती झाकायला जागाच नसते. कारण काय हे बाहेर आलं की ती चित्रफीत पुन्हा पाहिली जाणार, आणि चित्रफितीत आक्षेपार्ह काहीच नव्हतं.

बातम्यांनुसार संघाने चौथी वाट धरली.

समालोचकापुढच्या वाटा

इकडे समालोचकाची कोंडी पाहा. तक्रार घेऊन जाहीरपणे उभं राहायचं तर सहानुभूती अमाप मिळाली असती. पण त्याच संघात परतणं अवघड झालं असतं, आणि दुसऱ्या एकोणतीस संघांच्या मालकांनीही ते लक्षात ठेवलं असतं. राजीनामा द्यायचा तर मोसमाच्या मध्यात रिकामी खुर्ची कुठेच नसते. गप्प राहायचं तर लोक कयास बांधत राहतात, आणि त्यातले काही कयास त्याच्याच विरुद्ध जाऊ शकतात.

तो गप्प राहिला. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्यात भित्रेपणा दिसत नाही. जे बोलायचं ते चित्रफीत बोलत होती. शिवाय त्याच्या वतीने बोलायला लवकरच बरेच जण पुढे आले.

पुढे काय झालं

7 ऑगस्टला क्रीडामाध्यमांच्या बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळाने प्रकरण बाहेर काढलं. त्याच दिवशी ती चित्रफीत घराघरांत पोचली. ज्यांनी ती पाहिली त्यांचा पहिला प्रश्न एकच होता: यात चुकीचं काय आहे?

मग जे झालं ते या धंद्यात क्वचित घडतं. इतर संघांचे समालोचक आपापल्या प्रक्षेपणात, चालू सामन्यात, याबद्दल बोलू लागले. न्यूयॉर्कच्या दोन्ही संघांच्या मुख्य समालोचकांनी कडक शब्दांत नाराजी सांगितली. त्यांच्यातल्या एकाने तर 1996 ची आठवण काढून संघाच्या व्यवस्थापनाला सुनावलं. हे सगळे लोकही कुठल्या ना कुठल्या संघाच्या मर्जीवरच बसलेले असतात. ते बोलले, कारण उद्या हीच पाळी आपल्यावर येऊ शकते हे प्रत्येकाला कळत होतं. घरच्या मैदानावर चाहत्यांनी समालोचकाच्या नावाने घोषणा दिल्या. संघ जिंकत असताना, वर्षांनुवर्षांच्या पराभवानंतर लोक पुन्हा मैदानात येत असताना, घोषणा कोणासाठी? तर खेळाडूसाठी नाही, टीव्हीवरच्या माणसासाठी.

संघाने नोकरीविषयक निर्णयांवर बोलणार नाही, अशी भूमिका घेतली आणि तो लवकरच परतेल असं सांगितलं. 11 ऑगस्टला सिएटलमधल्या सामन्यात तो आपल्या खुर्चीत परतला. त्या सुमारास त्याने एक निवेदन काढलं. संघाशी असलेल्या आपल्या नात्याचं चित्र बातम्यांनी विपर्यस्त रंगवलं, संघाने आपल्याला मोठं होऊ दिलं, आपल्याला परत बेसबॉलबद्दल बोलायचं आहे, असा त्याचा आशय. त्या निवेदनावर काही चाहते नाराज झाले. त्यांना तो लढेल अशी आशा होती. मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्याला रात्री सात वाजता त्याच बूथमध्ये बसून त्याच संघाबद्दल तीन तास प्रेमाने बोलायचं आहे, त्याने परतीच्या दारात भांडण मांडून ठेवणं कोणाच्याच कामाचं नव्हतं. आणि निवेदनात त्याने कुठेही तो आकडा सांगणं चूक होतं असं म्हटलं नाही. त्याने सोडलं नाही ते नेमकं तेवढंच.

परिणाम

खेळाच्या बाजूने मोसम झळाळून निघाला. संघाने 101 सामने जिंकले आणि गटात पहिला आला. ऑक्टोबरमधल्या पहिल्याच मालिकेत तो बाद झाला, पण 2021 मध्ये 110 सामने हरलेल्या संघासाठी हे वर्ष विलक्षण होतं. त्या वर्षाच्या प्रत्येक आढाव्यात मात्र ऑगस्टमधल्या त्या आठवड्याचाही परिच्छेद असतो. संघाने जो आकडा पडद्यावर येऊ नये असं वाटून एवढं केलं, तो देशभर पोचला.

2024 मध्ये संघाची मालकी बदलली. त्यामागची कारणं मोठी आणि वेगळी होती. या प्रकरणाशी तिचा संबंध जोडणं बरोबर होणार नाही. समालोचक त्या मोसमातही आपल्या खुर्चीत होता.

काय वेगळं करता आलं असतं

काहींनी म्हटलं की त्याने वाक्याची मांडणी बदलायला हवी होती. आधी यंदाचे विजय, मग जुने पराभव. मला हा सल्ला घातक वाटतो. एकदा समालोचक मालकाच्या चेहऱ्याकडे पाहून वाक्याचा क्रम ठरवू लागला की ते प्रेक्षकाला आठवडाभरात कळतं. आपल्या पिचरने सोपा चेंडू टाकला तरी "थोडं दुर्दैव" ऐकू येऊ लागतं. मग जेव्हा खरोखर काही अचाट घडतं, तेव्हा त्याच्या आवाजातल्या आनंदावरही कोणी विश्वास ठेवत नाही. संघाचं नुकसान तिथे होतं.

उघडपणे संघाची बाजू घेणारी शैली असूच नये, असं माझं म्हणणं नाही. शिकागो व्हाइट सॉक्सचे केन हॅरलसन वर्षानुवर्षं आपल्या संघाला "गुड गाइज" म्हणत राहिले आणि तिथल्या लोकांना ते आवडलं. दुसऱ्या टोकाला मेट्सची वाहिनी आहे. 2006 पासून गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग हे तिघं तिथे आपल्याच संघाच्या चुका नावं घेऊन सांगतात. दोघं विश्लेषक त्याच संघाकडून 1986 ची वर्ल्ड सीरिज जिंकलेले. दोन्ही शैली टिकल्या, कारण बूथमधल्या माणसांना आपली सीमा कुठे आहे ते आधीपासून माहीत होतं. आपल्या प्रकरणात सीमा ओलांडल्यावर दाखवली गेली.

निर्मात्यानेही पुढे यायला हवं होतं, असं मला वाटतं. पाटी त्याच्या व्हॅनमधून निघाली. पडद्यावर चेहरा एकाचा दिसतो म्हणून ओझंही एकावरच पडतं. प्रक्षेपणातल्या जबाबदारीची रचना अशी असू नये. संघाला खटकलं असेल तर पहिला फोन निर्मात्याला जायला हवा होता, आणि निर्मात्याने "हा निर्णय माझा" असं म्हणायला हवं होतं.

यापुढच्या काळात हे आणखी महत्त्वाचं होणार आहे. ज्या वर्षी हे घडलं त्याच वर्षी, 14 मार्च 2023 ला, बऱ्याच संघांचे सामने दाखवणाऱ्या प्रादेशिक वाहिन्यांच्या डायमंड स्पोर्ट्स या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. 31 मेपासून सॅन डिएगो पॅड्रेसचे सामने मेजर लीगने स्वतः दाखवायला घेतले. बूथमधली डॉन ओर्सिलो आणि मार्क ग्रँट ही जोडी तशीच राहिली, म्हणून प्रेक्षकांना बदल फारसा जाणवला नाही. 2025 मध्ये पॅड्रेस, डायमंडबॅक्स, रॉकीज, गार्डियन्स आणि ट्विन्स अशा पाच संघांचं प्रक्षेपण लीगकडे होतं. मध्ये उभी असलेली वाहिनी जिथे बाजूला होते, तिथे समालोचक आणि संघ यांच्यातलं अंतर उरत नाही.

म्हणून मायनर लीगच्या बसमधून वर आलेल्या कोणाही तरुण समालोचकाने सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर मागाव्यात. संघाने स्वतः प्रसिद्ध केलेली कुठलीही माहिती प्रक्षेपणात वापरायला वेगळी परवानगी लागणार नाही. आक्षेप असेल तर तो आधी निर्मात्याकडे, लेखी, ठरावीक दिवसांत येईल. आणि बाजूला करायचं झालं तर त्याचं कारण त्याला स्वतःला, काम थांबवण्याआधी सांगितलं जाईल. पगाराचा आकडा ठरवताना याही ओळी लिहून घेता येतात. त्यासाठी संघाला एक डॉलरही जास्त मोजावा लागत नाही.